व्हायोला, तुझ्या आईबद्दल

मल्लवी, ३ नोव्हेंबर १९९८

व्हायोलास आशीर्वाद.

माझं अक्षर तुला ओळखू येणार नाही. मी फेब्रोनिया, वदीअमास्तरांची बायको. तुझ्या वडिलांच्या घरापासून तिसरं दार आमचं. लहानपणी तू आमच्या गच्चीवर कबुतरं बघायला यायचीस. तुझा अलेक्झांड्रियाचा पत्ता शुब्र्याच्या तुझ्या आत्याकडून मिळवला. तिने आधी दिला नाही, दोनदा निरोप पाठवावा लागला.

मुद्द्याचं लिहिते. तुझी आई इन्साफ एप्रिलपासून इथे आहे. तिचा अस्यूतचा दुसरा नवरा वारला. चाळिसावा दिवस झाला आणि त्याच्या मुलांनी तिच्या हातात एक बोचकं देऊन तिला गाडीत बसवलं. तुझ्या वडिलांच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत ती एकटी राहते. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. शनिवार, सोमवार, बुधवार मिन्याला जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. चार तास मशीनला जातात, आणि जाण्यायेण्यात उरलेला दिवस.

चर्चने तिचं नाव 'प्रभूच्या भावंडां'मध्ये घातलंय. गोरगरिबांना आणि आजाऱ्यांना आपल्यात काय म्हणतात ते तू विसरली नसशील. ते काम आमच्या मास्तरांकडे आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते दुसरं काही करतच नाहीत. तुझ्या आईला मिन्याला तेच नेतात, तेच आणतात. आजाऱ्याच्या दारी जाणं म्हणजे प्रभूच्याच दारी जाणं, असं ते म्हणतात. खरं आहे, मी कुठे नाही म्हणते. फक्त प्रभूच्या दारी जायला माणूस रोज घोटून दाढी करत नाही आणि इस्त्रीचा शर्ट मागत नाही, एवढंच.

हे आपलं सहज लिहिलं. मला त्याचा काही त्रास नाही.

पण आम्ही शेवटी परकेच. पोटची मुलगी असताना तिने परक्यांच्या आधारावर किती दिवस काढायचे? तुमच्याकडे मोठी इस्पितळं आहेत, समुद्राची हवा आहे. तू ये आणि तिला घेऊन जा. लवकर ये.

फेब्रोनिया


मल्लवी, १२ डिसेंबर १९९८

व्हायोला,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं नसेल म्हणून पुन्हा लिहिते. पोचलं असेल तर मग तुझ्या आत्याने तुला जे सांगितलं नसेल तेही लिहिते, म्हणजे मी का मागे लागले आहे ते तुला कळेल.

तुझी आई आणि आमचे मास्तर यांचं लग्न ठरलं होतं. तुझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट. दीड वर्ष दोघांच्या बोटांत अंगठ्या होत्या. मग तुझ्या आजोबांना जमीनजुमलावाला रिझ्क, म्हणजे तुझे वडील, दिसला आणि त्यांनी अंगठी परत पाठवली. पुढच्या वर्षी माझ्या आईने मला सांगितलं, चांगला मुलगा आहे, ठरलेलं मोडलंय बिचाऱ्याचं. अशी मी या घरात आले. अडतीस वर्षं झाली.

अडतीस वर्षांत मास्तरांनी मला कधी चहा करून दिला नाही. परवा ते थर्मास भरत होते. पुदिना घातला, साखर घातली नाही. मी विचारलं, बिनसाखरेचा कुणासाठी? म्हणाले, इन्साफला लहानपणापासून साखर चालत नाही चहात. अडतीस वर्षं ही गोष्ट त्या डोक्यात पडून होती, व्हायोला. माझ्या चहात किती साखर लागते ते विचार त्यांना.

मी आपल्या चर्चच्या पाद्र्यांकडे, अबूना लूकांकडे गेले. पापकबुली म्हणून गेले आणि मास्तरांची चुगली करून आले. अबूनांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग तूच जा ना तिच्याबरोबर. मास्तरांचे गुडघे तरी वाचतील."

त्यांना वाटलं असेल मी नाही म्हणेन. मी घरी येऊन सांगितलं, यापुढे सोमवारी मी जाईन. मास्तर माझ्याकडे असे बघत राहिले जसं काही मी नन व्हायला निघाले आहे. म्हणाले, प्रभू तुझं भलं करो. मला आशीर्वाद नको होता. आठवड्यातला एक दिवस मला त्यांच्याकडून काढून घ्यायचा होता.

पहिल्या सोमवारी आम्ही मिनीबसमध्ये शेजारी बसलो. मी तिच्याकडे चोरून बघत होते. तुझी आई किती देखणी होती, तुला आठवत असेल. आता चेहरा सुजलेला, कातडी राखेसारखी. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? वाटलं बरं. मग परतीच्या वाटेवर तिला उलटी झाली. माझ्या ओच्यातच झाली. मी तिचं कपाळ धरलं, दुसरं काय करणार. तोंड पुसून झाल्यावर, आमच्या रऊफची आई म्हणून मला हाक मारत ती म्हणाली, "तू माझ्यासाठी येत नाहीस, उम्म रऊफ, कळतं मला. पण आलीस ते बरं झालं. वदीअसमोर उलटी करायला फार लाज वाटते."

आता तू ये. दोन पत्रं झाली.

फेब्रोनिया


मल्लवी, १४ जानेवारी १९९९

व्हायोला,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. वडील गेल्यावर, तू पंधरा वर्षांची असताना तिने तुला आत्याकडे टाकलं आणि नव्या नवऱ्याच्या घरी गेली, अकरा वर्षं तुम्ही बोललेल्या नाहीत, मी पुन्हा लिहू नये. वाचलं. तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. टाकलेल्या माणसाचा राग मला समजतो.

पण हे कळवणं भाग आहे. तुझी आई या नाताळात जाता जाता वाचली. आपला नाताळ ७ जानेवारीला, गुरुवारी होता. शुक्रवारी तिने काहीतरी खारट खाल्लं. तिला मीठ चालत नाही आणि पाणी दिवसाला तीन पेले, त्यावर एक घोट नाही. मीठ खाल्लं की तहान लागते, मग राहवत नाही. ती रात्रभर पीत राहिली. शनिवारी सकाळी मास्तर न्यायला गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, ओठ निळे, छातीत पाणी भरलेलं. रस्त्यात जाते की काय अशी अवस्था होती. मिन्याला पोचताच मशीनवर घेतलं म्हणून वाचली.

खारट काय खाल्लं? मुरवलेलं मिश. मडक्यातलं जुनं चीज, जे आपल्याकडे उपास सुटल्यावर सगळे खातात. कुणी दिलं ते कळलं नाही. तिने डॉक्टरांना सांगितलं की शेजारी मागून घेतलं.

मास्तर दोन दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून होते. रविवारी मी डबा घेऊन गेले तर ते भिंतीकडे तोंड करून रडत होते. माझे वडील गेले, त्यांची आई गेली, आमची दुसरी मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी डबा बाकावर ठेवला आणि परत आले.

तू नको म्हणालीस तरी लिहिलं. राग येऊ दे.

फेब्रोनिया


मल्लवी, २८ फेब्रुवारी १९९९

व्हायोला,

मोठा उपास चालू आहे आणि या उपासात खोटं पोटात घेऊन चर्चच्या दारात उभं राहवत नाही. अबूनांना सांगून झालंय. मास्तरांना सांगून झालंय. तुला सांगायचं राहिलंय, आणि खरं तर सगळ्यांत आधी तुझा हक्क.

ते मिश मी दिलं.

नकळत नाही दिलं. मशीनवरच्या नर्सने मला बोटावर मोजून सांगितलं होतं, मीठ नाही, खजूर नाही, केळं नाही, आणि जुनं चीज तर नावसुद्धा नाही. त्या गुरुवारी मी बदक केलं होतं, पहाटेपासून खपून. मास्तर पहिला घास घेऊन म्हणाले, "इन्साफला हे फार आवडलं असतं." एवढंच. जेवण चांगलं झालंय असं म्हटलं नाही. रऊफ सुट्टीला आला होता, त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मुलाला कळलं, नवऱ्याला नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती मागे एकदा म्हणाली होती की मिशसाठी जीव जातो. मी वाटीभर घेऊन गेले, वर तेल आणि मिरची घालून. तिने वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, सणाचं आहे, एवढ्याने काय होतं. ती मरावी असं मला वाटत होतं का? मी स्वतःला सारखं विचारते. मला वाटतं, तिने त्रास भोगावा आणि तो मास्तरांना दिसू नये, असं काहीतरी मला हवं होतं. त्यात काही अर्थ नाही, मला ठाऊक आहे. मत्सराने कुणाचं डोकं जागेवर राहिलंय?

ती घरी आल्यावर मी विचारायला गेले की माझं नाव का नाही घेतलंस. पलंगावर पाय ताणून पडली होती. म्हणाली, "तुझं नाव घेतलं असतं तर वदीअने तुला आयुष्यभर बोलून दाखवलं असतं. तू वाईट बाई नाहीस. मी अस्यूतला अकरा वर्षं दुसऱ्यांच्या घरात राहिले, वाईट बाया कशा असतात ते मला माहीत आहे."

मग ती म्हणाली, "मी तुझ्या घरातून काही नेलं नाही, उम्म रऊफ. तूच मला अडतीस वर्षं घरात ठेवून घेतलंस. आता सोड मला. दमले मी."

घरी येऊन मी मास्तरांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते हात उगारतील, निदान घर सोडून जातील. ते खाटेवर टेकले. मग म्हणाले, मी तिच्याकडे का जातो हे तू मला कधी विचारलंच नाहीस. मी म्हटलं, त्यात विचारायचं काय. तेव्हा त्यांनी सांगितलं. अंगठी परत आली त्या दिवशी ते नदीकाठी गेले आणि तिला तळतळून शाप दिला. तुला घर लाभू नये, तुझं मूल तुझ्यापाशी राहू नये, तू दारोदार फिरावंस. एप्रिलमध्ये गरिबांच्या यादीत तिचं नाव वाचलं तेव्हा त्यांना तो शाप आठवला. सगळं शब्दाला शब्द खरं झालं होतं. तेव्हापासून ते तिला नेतात-आणतात, आणि प्रत्येक फेरीला प्रभूला म्हणतात, एक शब्द तरी परत घे.

म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला प्रेम समजत होते तो शाप होता. मला हलकं वाटायला हवं होतं. पण तुला म्हणून सांगते, त्या रात्री आडवी झाल्यावर मनात काय आलं? की एवढा जीव ओतून शापसुद्धा माणूस कुणालाही देत नाही. मी अंगठी परत केली असती तर मास्तरांनी ती खिशात टाकली असती आणि शाळेत गेले असते.

हे पत्र पोलिसांना दाखवावंसं वाटलं तर दाखव.

फेब्रोनिया


मल्लवी, २५ एप्रिल १९९९

व्हायोला,

मार्चपासून तुझी आई आमच्याकडे आहे. रऊफच्या खोलीत. हे मास्तरांनी नाही, मी ठरवलं. तिच्या घरात ओल होती आणि मला दिवसातून चार फेऱ्या होत होत्या. तिन्ही दिवस आता मीच जाते. मास्तरांचे गुडघे खरंच गेलेत.

तिचं करणं सोपं नाही. बटाटे सोलून, चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे, ते पाणी फेकायचं, मग शिजवायचे. उपासात आपण शिजवलेल्या फूलच्या दाण्यांवर आणि मसुरावर जगतो, आणि तिला नेमकं तेच चालत नाही. अबूनांनी तिला उपासातून सूट दिली तर ती रडली. म्हणाली, एवढं एक तरी सगळ्यांसारखं करू दे. मी तिच्यासाठी भात आणि कोबीची पानं करायचे आणि शेजारी बसून तेच खायचे. तिचे तीन पेले मी सकाळी भरून ठेवते. फार तहान लागली तर बर्फाचा खडा देते. तिच्या डाव्या हातात जिथे सुई टोचतात तिथे कातडीखाली रक्त गुणगुणत असतं, बोट ठेवलं की कळतं. झोपली की मी बोट ठेवून बघते.

आणि हसायला तर काय येतं आम्हाला. मास्तरांचं तरुणपणीचं चालणं ती इतकं हुबेहूब करून दाखवते की परवा मास्तर दारात उभे राहून बघत होते आणि आम्हाला पत्ताच नाही.

पण माझा स्वभाव गेला नाही. अबूनांची बायको तिच्यासाठी तुळशीची कुंडी घेऊन आली आणि दीड तास बसली, तर मी आत भांडी आपटत होते. समोरची उम्म हानी येऊन तिची वेणी घालते. ती मुसलमान आहे, रमजानचा उपास असतानासुद्धा तुझ्या आईच्या त्या घरी जायची, मनाची फार चांगली. तिने घातलेली वेणी मी संध्याकाळी सोडून पुन्हा घालते. मास्तर तिच्याशी जुन्या गोष्टी काढून बसले की मला पूर्वीसारखीच आग लागते. फरक एवढाच की पूर्वी वाटायचं ही माझा नवरा नेते आहे. आता वाटतं, हे माझी इन्साफ नेतायत.

आता खरं लिहिते, म्हणजे हे पत्र कशासाठी ते कळेल.

तू तिला लिहिलेलं पत्र ४ एप्रिलला आलं. पाकिटावर तिचं नाव होतं. तिला आता नीट दिसत नाही, पत्रं मीच वाचून दाखवते, म्हणून मी फोडलं. तू तिला लिहिलंस, 'एका परक्या बाईने तुला मारायला घेतलं आणि तसं कबूलही केलं, मी मात्र अकरा वर्षांत काहीच कबूल केलं नाही.' पुढे लिहिलंस, 'जूनमध्ये शाळेला सुट्टी लागली की येईन आणि तुला कायमची घेऊन जाईन.'

मी ते पत्र घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवलं. पुनरुत्थानाचा सण त्या डब्यावर झाकण लावून साजरा केला. दहा दिवस. नोव्हेंबरात मीच तुला ये, ये म्हणून लिहिलं होतं, ते मला आठवत नव्हतं असं नाही.

मग बुधवारी मशीनवर तिचा रक्तदाब एकदम खाली गेला. डोळे फिरले. मी हात धरून होते. ती म्हणाली, "व्हायोला." मी म्हटलं, मी आहे गं. ती म्हणाली, "तू नाही."

घरी आल्या आल्या डबा उघडला. तिला पत्र वाचून दाखवलं. ते दहा दिवस जुनं आहे हेही सांगितलं. त्याचं तिला काही वाटलं नाही, ती ऐकतच नव्हती. म्हणाली, पुन्हा वाच. चार वेळा वाचलं. पाचव्यांदा म्हणाली, सगळं नको, नुसतं वरचं वाच, 'आई' लिहिलंय ते.

तेव्हा ये. तिचं सामान फारसं नाही.

फेब्रोनिया


मल्लवी, २२ जून १९९९

व्हायोला,

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, तिला घेऊन गेलीस. मी तुझ्याशी धड वागले नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. दारात आलीस तेव्हा पाणीसुद्धा मास्तरांनी विचारलं. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले ते तास झाला तरी खाली आले नाही. वरून मला अंगणातलं सगळं दिसत होतं. तू तिच्या पायांशी बसली होतीस आणि ती तुझा चेहरा आंधळ्यासारखा दोन्ही हातांनी चाचपत होती. तसा माझा चेहरा तिने कधीच चाचपला नाही. मी चार महिने तिचं उष्टं काढलं, ओकारी काढली, आणि तू एका पिशवीनिशी आलीस. हे लिहायला नको, पण आता तुझ्यापासून काय लपवायचं उरलंय?

गाडी सुटताना तिने काचेतून हात बाहेर काढला. मी तो धरला नाही. मला वाटलं धरला तर सोडवणार नाही. तिला हे सांग.

बटाट्याचं तुला दाखवलं आहेच. बर्फ फडक्यात बांधून दे, नुसता दिलास तर ती चावते. मशीनवर पहिला तास तिच्याशी बोलत राहायचं, तिसऱ्या तासाला गप्प बसायचं. उजव्या कुशीवर झोपवू नकोस. रागावली की ती जेवत नाही. तेव्हा मनधरणी करायची नाही, शेजारी बसून आपण जेवायला लागायचं.

तू गेलीस त्यानंतरच्या शनिवारी मी सवयीने तयार झाले आणि मिन्याच्या मिनीबसमध्ये जाऊन बसले. निघताना मास्तरांनी थर्मास हातात दिला. बघ, माझा चहा होता, दोन चमचे साखरेचा. कुणी सांगितलं त्यांना? तुझ्या आईने. जाण्याआधी तिने त्यांना बसवून समजावलं म्हणे. तेही तिच्याचकडून मिळायचं होतं.

मशीनजवळच्या तुझ्या आईच्या खाटेवर एक नवी बाई आहे. सकीना नाव, मल्लवीपलीकडच्या वाडीतली शेतकरीण, तिला आणायला-न्यायला कुणी नाही. सुई बघून ती हात मागे ओढत होती म्हणून मी जवळ बसले. तिने विचारलं, तुझं कोण आहे इथे? मी सांगितलं, होती, गेली मुलीकडे. ती म्हणाली, मग तू का आलीस? मी तिला पहिला तास तुझ्या आईच्या गोष्टी सांगितल्या. सोमवारी पुन्हा गेले. आजही गेले असते, पण आज मंगळवार. हे दोन्ही दिवस मला सकीनाजवळ करमलंच नाही, कारण मला तिचा हेवा वाटत नाही. कुणाचाही काही हेवा न करता एखाद्याचा हात धरायची मला सवय नाही, व्हायोला. शिकेन.

अलेक्झांड्रियात तुझ्या आईला भेटायला चर्चच्या बायका येतील, तिची वेणी घालतील, तिच्या गोष्टींवर हसतील. येऊ दे. मला त्यांची नावं कळवू नकोस.

आणि एक. तिने माझी आठवण काढली तर मला लिही. काढली नाही, तरी काढली म्हणून लिही.

तुझी,
फेब्रोनियामावशी